'माझ्या हातात काहीच नाही' म्हणणाऱ्या मुलाचे मार्क आत्मविश्वास वाढवून वाढतात का?

तुम्ही विचारलंत, भाच्याचा आत्मविश्वास वाढवला तर त्याचे मार्क वाढतील का. तो म्हणतो, 'कितीही केलं तरी पेपर अवघडच काढतात.' मला असंच एक वाक्य घरातून मिळालं होतं. नववीत गणितात नापास झाले तेव्हा बाबा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे बाळा, गणित आपल्या रक्तातच नाही." मायेनेच म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की दोन महिने मी गणिताचं पुस्तक उघडलं नाही.

मग ताईने माझी उत्तरपत्रिका काढली आणि चुका मोजल्या. १७ पैकी ११ एकाच जातीच्या. "कंसाबाहेर उणे असेल तर आतली सगळी चिन्हं बदलतात. तू फक्त पहिलं बदलतेस." बाकीच्या ६ तिने त्या दिवशी सोडून दिल्या. पुढच्या परीक्षेत मी जेमतेम पास झाले, पण ते मार्क कुठून आले हे मला ठाऊक होतं.

मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटरने १९६६ मध्ये माणसं दोन टोकांमध्ये मांडली: घडतं ते माझ्यामुळे, किंवा नशिबामुळे आणि इतरांमुळे. दुसरे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वाइनर यांनी पुढे दाखवलं की कारण स्वतःत असणं पुरेसं नाही, ते बदलता येण्यासारखं हवं. 'मला डोकंच नाही' हे कारणही आतलंच, पण त्याला करणार काय? म्हणून बाबांचं वाक्य मला नशिबाला दोष देण्याहून वाईट वाटतं.

नुसत्या आत्मविश्वासावर माझा विश्वास नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेकने १९७५ मध्ये अपयश आलं की हात टेकणारी १२ मुलं घेतली. काहींना सतत यशच मिळू दिलं. काहींना मधूनमधून चुकू दिलं आणि कमी पडले ते प्रयत्न, असं सांगितलं. पुढे अपयशासमोर टिकली ती दुसरी. अर्थात मुलं फक्त १२ होती. शिवाय मार्क वाढले की 'माझ्या हातात आहे' ही भावनाही वाढते, त्यामुळे आधी काय हे सांगणं कठीण. आणि ज्याची वाट खरोखरच कोणी अडवलेली असते तो खरं तेच बोलत असतो. त्याला 'मनावर घे' म्हणणं क्रूरपणा आहे.

भाच्याची शेवटची उत्तरपत्रिका मागा आणि त्याच्या शेजारी बसून चुका मोजा.

बाबा अजून म्हणतात, "तुझं मन राखायला बोललो होतो." गेल्या महिन्यात ते माझ्या मुलीला तेच सांगू लागले, तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवलं.