साफ केलेल्या पीसीत व्हायरस पुन्हा का येतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे, प्रोग्रॅम पेनड्राइव्हनं नेतो. फोल्डरांचे शॉर्टकट होतात. अँटिव्हायरसनं काढले तरी आठवड्यात परत हजर. फाइल गेल्या का?

उत्तर: बहुतेक नाहीत. व्हायरस खरा फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. त्यावर क्लिक केलं की फोल्डर उघडतोही, म्हणून कुणाला संशय येत नाही.

तो परत येतो, कारण तुम्ही एकेक पीसी साफ करता. सुट्टीच्या दिवशी सगळे पीसी नेटवर्कपासून तोडा आणि सगळे पेनड्राइव्ह गोळा करा, पोरांच्या चावीच्या जुडग्यातलेसुद्धा. प्रत्येक पीसीवर डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे व्हायरस जागा नसतो. मग टास्क शेड्युलर आणि स्टार्टअप तपासा, म्हणजे आपोआप काय काय सुरू होतं त्या याद्या. तिथं अनोळखी स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) राहिली तर सगळी मेहनत पाण्यात.

आता पॉलिसी, म्हणजे पीसीवर काय चालू द्यायचं याचे नियम. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी या सेटिंगमधून पेनड्राइव्हवरचे प्रोग्रॅम चालणं बंद करता येतं. विंडोज होममध्ये ती सोय नाही. पण हा व्हायरस बऱ्याचदा व्हीबी स्क्रिप्ट असतो. ती चालवणारा विंडोज स्क्रिप्ट होस्ट पीसीतच बसलेला असतो, तोही बंद करा. आधी तुमच्या कुठल्या सॉफ्टवेअरला तो लागत नाही ना, हे पाहा. कामगारांच्या लॉगिनला ॲडमिनचे हक्क नकोतच. जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारं मशीन असेल, तर त्याला नेटवर्क देऊ नका. त्याचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा आणि तो एकाच तपासलेल्या पीसीला लावा.

प्रश्न: निपाणीत अकाउंट्सचं काम करतो. अँटिव्हायरस विकत घेतलाय, तरी व्हायरस येतोच.

उत्तर: क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर, टाकलंय का? ते चालवायला अँटिव्हायरस बंद केला असेल, त्या फोल्डरला तपासणीतून सूट दिली असेल. ती सूट अजून तशीच असते. अँटिव्हायरसमधली एक्सक्लुजन्सची, म्हणजे सूट दिलेल्यांची, यादी उघडून बघा. फुकटचं सॉफ्टवेअर असं महाग पडतं.

प्रश्न: खानापुरात ऑनलाइन सेंटर आहे. शेताचे उतारे, अर्ज, सगळं याच पीसीवर. फॉरमॅट मारला, तरी ब्राउझरमध्ये जाहिराती सुरूच.

उत्तर: तुम्ही स्वतःच त्या परत आणता. ब्राउझरमध्ये लॉगिन केलं की सिंकमधून, म्हणजे खात्यात साठवलेल्या सेटिंगमधून, जुनं एक्स्टेंशनही (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) उतरतं. आधी ते काढा. आणि पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून, शिवाय सगळीकडून लॉगआउट करून. नुसता पासवर्ड बदलून चोरलेलं सेशन, म्हणजे आधीच चालू असलेलं लॉगिन, मरेलच असं नाही. ग्राहकांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवत असाल, तर आजच थांबवा.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या सगळ्या फाइल लॉक झाल्या, पैसे मागतायत. बॅकअप डी ड्राइव्हवर होता, तोही गेला.

उत्तर: त्याच डिस्कवरचा बॅकअप बॅकअप नव्हे. नेटवर्कची वायर काढा, पण फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवा. तिच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर फाइल लॉक करणाऱ्या काही व्हायरसच्या किल्ल्या फुकट मिळतात, तिथं शोधा. आणि अपडेट टाळू नका: २०१७ च्या मे महिन्यात फाइल लॉक करणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला, त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता.