वहीतले विचार वाचून मी घाबरले आहे

प्रश्न : ताई, माझे वय 46 असून मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. सासूबाईंना पक्षाघात झाला, त्याला दीड वर्ष होईल. त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. दिवसा एक बाई येतात. संध्याकाळपासून सकाळपर्यंतचे सगळे मीच पाहते. धाकटे दीर आणि जाऊ पुण्यात असतात, महिन्यातून एकदा भेटून जातात. मध्यंतरी एका व्याख्यानात ऐकले, की स्वतःत बदल घडवायचा असेल तर मनात येणारे विचार जसेच्या तसे लिहून काढावेत. मी लिहू लागले आणि वाचल्यावर हादरले. ‘या आता सुटल्या तर बरे’ हे वाक्य त्यात पुन्हा पुन्हा आले आहे. जावेविषयी जे लिहिले आहे, ते सांगवत नाही. आता वही बंद केली आहे. तो विचार येऊ नये म्हणून नामस्मरण करते, तर तो अधिकच येतो. विचारांची जाणीव झाली की माणूस सुधारतो म्हणतात. मला तर मी वाईट आहे एवढेच कळले. – एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

ज्या वाक्याने तुम्ही हादरलात, ते वाक्य तुमच्या स्वभावाचा पुरावा नाही, हे मी सर्वांत आधी सांगते. दीर्घ आजारात शुश्रूषा करणाऱ्या अनेकांच्या मनात हाच विचार येऊन जातो, आणि त्यांतले बहुतेक जण तो कोणापाशी बोलत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वाटते की असे फक्त आपल्यालाच सुचते. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते, की कोणताही मानसिक आजार नसलेल्या बहुसंख्य माणसांच्या मनातही नकोसे, कधी कधी भयंकर वाटणारे विचार येतात आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांपेक्षा फारसा वेगळा नसतो. फरक पडतो तो विचार आल्यानंतर माणूस त्याचा काय अर्थ लावतो, यात. तुम्ही अर्थ लावलात, की ‘मी वाईट आहे’. दीड वर्ष रोज रात्री उठून सासूबाईंची कूस बदलणारी स्त्री कशी आहे, हे ठरवताना तिच्या मनात क्षणभर आलेले वाक्य मोजायचे आणि तिने केलेले काम मोजायचेच नाही, हा न्याय मला मान्य नाही.

नामस्मरण केल्यावर विचार वाढतो, याचेही तुम्हाला भय वाटले आहे. त्यात तुमच्या श्रद्धेचा दोष नाही. डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे : पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे ज्यांना सांगितले होते त्यांच्या मनात ते अस्वल वारंवार येत राहिले, आणि नंतर विचार करण्याची मुभा मिळाल्यावर तर, सुरुवातीपासून मुभा असलेल्या लोकांपेक्षाही अधिक वेळा आले. एखादा विचार येऊ द्यायचा नाही असे ठरवले, की तो आला का हे मनाला सतत तपासावे लागते आणि त्या तपासण्यातच तो जागा राहतो. नामस्मरण अवश्य करा, त्यातून मिळणारी शांतता खरी आहे. पण ते विचाराला हुसकावण्यासाठी करू नका.

आता वहीविषयी. व्याख्यात्यांनी तुम्हाला अर्धेच सांगितले, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक महत्त्वाची गोष्ट मांडली : आपल्या मनात सतत झरझर काही वाक्ये उमटत असतात, ती आपण ठरवून आणलेली नसतात, आणि ती इतकी सवयीची झालेली असतात की आपल्याला ती विचार म्हणून दिसतच नाहीत, वस्तुस्थिती म्हणूनच दिसतात. ती वाक्ये कागदावर आणण्याचा हेतू हा, की त्यांच्याकडे जरा अंतरावरून पाहता यावे आणि ती कितपत खरी आहेत हे तपासता यावे. तुम्ही लिहिलेत, पण तपासण्याऐवजी लगेच स्वतःला शिक्षा सुनावलीत. सासूबाईंचा रक्तदाब तुम्ही मोजून टिपून ठेवत असाल. तो वाढलेला आढळला तर तुम्ही त्यांना दोष देत नाही, औषध चुकले का, झोप झाली का, हे पाहता. स्वतःच्या विचाराची नोंद याच वृत्तीने करायची आहे.

म्हणून वही पुन्हा उघडा, पण लिहिण्याची रीत बदला. केवळ विचार लिहू नका. तो किती वाजता आला, त्याच्या आधी काय घडले होते, शरीराला काय जाणवत होते आणि त्यानंतर तुम्ही प्रत्यक्षात काय केले, हेही लिहा. शेवटची नोंद कधीही वगळू नका, कारण वहीत सर्वांत कमी जागा मिळते ती तिलाच. माझा अंदाज असा, की ‘या सुटल्या तर बरे’ हे वाक्य तुम्हाला दुपारी शाळेत सुचत नसेल. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. म्हणजे तुमची झोप दीड वर्ष तुकड्यातुकड्यांनी होते आहे आणि सकाळी तुम्ही पुन्हा वर्गात उभ्या राहता. पहाटे तीन वाजता, ओली चादर बदलून झाल्यावर, ते वाक्य येत असेल, तर त्याचा अर्थ सासूबाईंनी जावे असा नसून मला झोप हवी आहे असा असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे मी इथून ठरवू शकत नाही, तुमची वही ठरवू शकेल. आणि त्या वाक्यामागे त्यांचे हाल पाहवत नाहीत म्हणून आलेली माया असेल, तर तीही वहीत लिहा.

दुसरे एक वाक्य तुमच्या पत्रात कुठेही नाही, तरीही ते मला सगळीकडे ऐकू येते : ‘चांगल्या सुनेला असा कंटाळा येताच कामा नये.’ 1955 पासून विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडणाऱ्या अल्बर्ट एलिस यांचे एक आग्रहाचे सांगणे होते, की माणसाच्या एखाद्या कृतीला चूक किंवा बरोबर म्हणावे, संपूर्ण माणसाला गुण देऊ नयेत. मराठी वाचकांपर्यंत हा विचार कि. मो. फडके यांनी तळमळीने पोहोचवला. तुमच्या बाबतीत तर चूक ठरेल अशी कृतीच मला पत्रात दिसत नाही. फक्त एक कठोर अपेक्षा दिसते, आणि ती तुम्ही एकटीने निर्माण केलेली नाही. आपल्या घरांनी ती मुलींना लहानपणापासून शिकवली आहे. अशी अपेक्षा ओळखून ती खरोखर मानायची का, हे स्वतः ठरवणे, याला मी वाढ म्हणते. मन निर्मळ होऊन त्यात एकही कटू विचार न येणे, ही वाढीची कल्पना मला चुकीची आणि क्रूरही वाटते.

जावेविषयीचा राग मात्र मी हलका करून सांगणार नाही. त्या रागात एक वाजवी तक्रार आहे : आई चौघांची जबाबदारी असताना रात्री एकटीच्या वाट्याला आल्या आहेत. तुमचे यजमान त्या रात्री काय करतात, याचा पत्रात उल्लेखही नाही, आणि राग मात्र सगळा जावेवर आहे. याकडे थोडे लक्ष द्या.

लिहिण्याला दिवसातून दहा-पंधरा मिनिटे पुरेत. त्यापुढे ‘मी अशी का’ हाच प्रश्न मनात घोळू लागला, तर वही मिटून उठावे, कारण तेच ते उगाळत बसल्याने उदासी लांबते. सलग दोन आठवडे कशातच मन लागले नाही, संधी असूनही झोप आली नाही, किंवा स्वतःला अथवा सासूबाईंना इजा करण्याचा बेत मनात आकार घेऊ लागला, तर वहीवर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोला. ही सेवा विनामूल्य असून रात्रीही सुरू असते.

आठवडाभराच्या नोंदी झाल्या, की यजमानांना त्या वेळा दाखवा. विचार दाखवण्याची गरज नाही. आठवड्यातल्या तीन रात्री त्यांनी उठावे, हे त्यांच्याशी ठरवून घ्या. मग दोघांनी मिळून पुण्याला फोन करावा आणि दीर-जावेला स्पष्ट सांगावे, की भेटायला येण्यापेक्षा महिन्यातला एक शनिवार-रविवार त्यांनी इथे राहून रात्री सांभाळाव्यात, नाहीतर रात्रपाळीच्या मदतनीस बाईंच्या पगारातला निम्मा वाटा उचलावा. ते नाही म्हणाले तर वाईट वाटेल, पण मग ती बाई तुम्ही दोघांनी आपल्या खर्चाने, आठवड्यातून दोन रात्री तरी, ठेवावी.