“मी विचार करणं कमी करू का?”

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिनं हा प्रश्न टाकला. वय ३६, काम सहकारी पतसंस्थांच्या लेखापरीक्षणाचं. (तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.) माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हीच काळजी वेगवेगळ्या शब्दांत येत असते. कुणाला घरचे शंकेखोर म्हणतात, कुणी फाटे फोडतं, कुणी म्हणे प्रत्येक गोष्टीचा कीस पाडतं. तिला सासरी आणि माहेरी एकच शब्द मिळाला होता : चिकित्सक. तो कौतुकाचा शब्द आहे की तक्रारीचा, हे तिला आता कळेनासं झालं होतं.

पहिल्या भेटीत मी तिला काही साधे प्रश्न विचारले. झोप लागते का? गॅस बंद केला की नाही, कुलूप लागलं की नाही, हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं का? नको असलेला एखादा विचार दिवसभर छळतो का? उत्तरं ‘हो’ आली असती तर मी तिला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. मंत्रचळ किंवा तीव्र चिंता ‘स्वभावच चिकित्सक’ या नावाखाली वर्षानुवर्षं दडून राहते, हे मी पाहिलं आहे. तिचं तसं काही नव्हतं.

मग तिनं वडिलांची गोष्ट सांगितली. ते निवृत्त झाले तेव्हा ओळखीच्या एकानं महिन्याला ४ टक्के परतावा देणारी योजना आणली होती. सगळं नात्यागोत्यातलं, बैठक घरच्याच सोफ्यावर. हिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. साधं व्याज धरलं तरी वर्षाला ४८ टक्के, चक्रवाढीनं ६० टक्क्यांच्या वर. “एवढं आपल्याला देऊन स्वतःलाही उरेल असा कोणता धंदा आहे, ते सांगा,” असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं. पाहुणे उठून गेले. आई चार दिवस बोलली नाही. दीड वर्षानं योजना गुंडाळली गेली, दोन काकांचे पैसे अडकले, वडिलांचे वाचले. “आभार सोडाच मॅडम, काका अजून म्हणतात की हिच्याच तोंडाला कुलूप नाही.”

मी तिला स्पष्ट सांगितलं, की इथं विचार कमी करण्यासारखं मला काहीही दिसत नाही. असा प्रश्न विचारणारं एक माणूस घरात असावं आणि त्यानं तो मोठ्यानं विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

पण ती त्यासाठी आली नव्हती. नवऱ्यानं तिच्या नकळत सोनंतारण कर्ज काढलं होतं. पावती तिला कपाटात सापडली. विचारल्यावर तो म्हणाला, “तुला सांगितलं असतं तर ऑडिट लागलं असतं. या घरात आम्ही सगळेच ‘क’ वर्गात आहोत.” लेखापरीक्षणात संस्थांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, त्यावरून हा टोमणा. आणि अकरा वर्षांचा मुलगा आपली चित्रं हल्ली तळमजल्यावरच्या आजींना दाखवायला नेत होता.

मला इथं खरा तोटा दिसला. चिकित्सेमुळे माणसं चिडतात, ते एक वेळ चालेल. पण माणसं माहितीच देईनाशी झाली, तर चिकित्सा करायची कशाची? घरातली सर्वांत तरबेज नजर कर्जाची पावती सापडेपर्यंत आंधळी राहिली होती.

ती म्हणाली, “मी खरं बोलते म्हणून त्यांना मी नको असते.” तिचा हा निष्कर्ष पक्का होता. मी कागदावर २, ४, ६ असे आकडे लिहिले. “माझ्या मनात एक नियम आहे, हे आकडे त्यात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी हो-नाही सांगेन. खात्री झाली की नियम सांगा.” ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये मांडलेला हा प्रयोग मी बऱ्याचदा वापरते. ती म्हणाली ८, १०, १२. हो. २०, २२, २४. हो. १००, १०२, १०४. हो. “दोनदोनने वाढणारे आकडे!” नाही. ती चमकली. माझा नियम एवढाच होता, की आकडे चढते हवेत. १, ७, ५० सुद्धा चाललं असतं. आपला अंदाज मोडेल असा एकही आकडा तिनं टाकून पाहिला नव्हता.

बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे नवऱ्याच्या बाबतीतही मी ८, १०, १२च विचारतेय.”

हे तिचं तिनं जोडलं. मी फक्त विचारलं, की तुमचा निष्कर्ष चुकीचा ठरवू शकेल असा प्रश्न तुम्ही त्याला कधी विचारलाय का? पुढच्या आठवड्यात तिनं विचारला. कर्ज किती, व्याज किती, हे सगळं बाजूला ठेवून, “तेव्हा तुझं काय चाललं होतं?” कळलं ते असं : धाकट्या भावाचा धंदा बसला होता, भावानं कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं आणि हा तीन महिने एकटा घाबरलेला होता. तिच्या खरं बोलण्याशी त्याचा संबंध थोडाच होता. थोडा होताच, तेही तिनं मला प्रामाणिकपणे सांगितलं.

नंतरच्या भेटींमध्ये आम्ही तिच्याच कामातल्या दोन गोष्टी घरी नेल्या. ऑडिटला ती प्रत्येक व्हाउचर बघत नाही, टेस्ट चेक करते. कुठं किती खोल जायचं ते रक्कम आणि धोका बघून ठरवते. मग भाजीवाल्याचे सुटे पैसे आणि सोनंतारण यांना एकच भिंग कशाला? दुसरी गोष्ट, दोष दाखवल्यावर संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यायला मुदत मिळते. घरच्यांना तिनं आजवर पाच मिनिटंही दिली नव्हती. हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिचा स्वभाव बदललेला नाही, बदलावा असं मला वाटतही नाही. विम्याची पॉलिसी ती आजही शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. काकांशी बोलणं अजून तुटकच आहे. नवरा बोलता बोलता मध्येच थांबतो, तिच्या चेहऱ्याकडे बघतो, मग पुढं सांगतो.

शेवटच्या भेटीत तिनं मुलाचं चित्र आणलं होतं. नदीकाठचं घर. सूर्य डावीकडे आणि झाडाची सावलीही डावीकडेच. तिला ते लगेच दिसलं होतं. पण तिनं आधी विचारलं, या घरात कोण राहतं? तो पंधरा मिनिटं सांगत होता. मग त्यानंच चित्र जवळ ओढलं आणि म्हणाला, “आई, सावली चुकली का गं?”

“हो,” ती म्हणाली, “चुकली आहे.” आणि खोडरबर त्याच्या हातात दिलं.