कॅम्पर व्हॅनने दोन महिने फिरून घरी आलो. आता घरात मन लागत नाही. हे किती दिवस चालतं? गाडी विकून टाकावी का?

विकू नका. बाकीचं नंतर सांगतो.

आम्ही फेब्रुवारीत परतलो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि माझी 73 वर्षांची आई. 61 दिवस, साधारण 3,900 किलोमीटर. सांगलीहून निघून कारवारला 66 नंबरचा महामार्ग धरला, तो कन्याकुमारीपर्यंत. पुढे धनुष्कोडी, तंजावर आणि येताना हंपी. गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर, सीटा काढून आत ओटा आणि तीन बिछाने बसवलेले. रीतसर नोंद करूनच.

निघायच्या आधी थोरल्या भावानं घर डोक्यावर घेतलं होतं. "आईला या वयात गाडीत झोपवणार? तिला चांगल्या टूरबरोबर पाठव." तो अजूनही म्हणतो, हौस फिटली, आता गाडी काढून टाक. म्हणून तुमचा प्रश्न मला लागला.

आई टूरबरोबर जाऊन आली होती, नऊ वर्षांपूर्वी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला त्यांनी पाऊण तास दिला. तिथल्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. आई मराठी शाळेतली शिक्षिका. तामिळ मुलखात, चोळांच्या देवळात, भिंतभर मराठी! तिनं दोन ओळी वाचल्या आणि शिट्टी वाजली. गाडीत बसा. नऊ वर्षं ती हे सांगत होती आणि आम्ही सगळे "हो का" म्हणून पुढं जात होतो. दादाही, मीही.

या वेळी तंजावरला चार दिवस थांबलो. मंदिर उघडलं की आम्ही आत. उन्हं चढली की फरशी तापते, अनवाणी उभं राहवत नाही, म्हणून सकाळी आणि संध्याकाळीच जायचं. आई भिंतीपासून वीतभर अंतरावर बोट धरून अक्षर अक्षर लावायची, बायको वहीत उतरवून घ्यायची. जुन्या वळणाची अक्षरं, कुठं झिजलेली. एका शब्दावर वीस मिनिटं अडली. मग एकदम वळून मला म्हणाली, "अरे, शहाजी आहे हे! शहाजी!" आवाज एवढा मोठा की आजूबाजूचे लोक बघायला लागले. वडील गेल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

रात्री गाडीत शिरली की ओट्यावर वाटीभर पाणी ठेवून गाडी सपाटीला आहे का बघायचं, हे काम तिचंच. पाणी एका कडेला आलं की मी चाकाखाली फळी सारायची. हे तिला झेपत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. म्हाताऱ्या माणसाला काय झेपतं ते आधी त्यालाच विचारावं. परस्पर ठरवू नये.

आता मन न लागण्याचं. आमचं तीन महिन्यांनीही पुरतं लागलेलं नाही. नळ भरभर वाहिला की आई आतून ओरडते, कारण गाडीत 90 लिटरची टाकी तिघांना दोन दिवस पुरवायची होती. पहिला महिना जड जातो. त्यात गाडी विकायला काढू नका, पडेल त्या भावाला द्याल. पाण्याची टाकी कोरडी करा, आतली बॅटरी महिन्यातून दोनदा चार्ज करा, आठवड्याला दहा किलोमीटर तरी फिरवून आणा. कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर गोष्ट वेगळी, मग विकाच.

आणि हो, वयस्कर माणूस बरोबर असेल तर दिवसाला 150 किलोमीटरच्या वर जाऊ नका, अंधारात चालवू नका, मार्चच्या आत घरी या. एसी नसलेल्या गाडीचा उन्हाळ्यात भट्टा होतो. आईची बीपीची तपासणी निघण्याआधी दादानंच करून आणली होती. डॉक्टर हो म्हणाले म्हणूनच निघालो, हेही खरं.

भिंतीवरचं निम्मंही उतरवून झालेलं नाही. जानेवारीत परत जातोय. दादाला म्हटलंय, चौथा बिछाना टाकतो, तूही चल. अजून हो म्हणालेला नाही.