हिंगणे बुद्रुक : ‘बुद्रुक’ म्हणजे मोठे की थोरले?

प्रश्न असा आला आहे : ‘आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. घराच्या खरेदीखतात मात्र “गाव मौजे हिंगणे बुद्रुक, तालुका हवेली” असे लिहिले आहे. मौजे म्हणजे काय? बुद्रुक म्हणजे मोठे असे शाळेत सांगितले होते, मग नदीपलीकडचे हिंगणे खुर्द लहान कसे म्हणायचे? आणि पत्त्यात आता हे बुद्रुक लिहायची गरज आहे का?’

शाळेतला अर्थ चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी रूप. ‘ज’चा ‘द’ झाला, ‘र’ जागचा हलला आणि शेवटचा ‘ग’ ‘क’ होऊन बसला. ‘बुजुर्ग’ या शब्दात आकाराने मोठा आणि वयाने, मानाने वडील असे दोन्ही अर्थ आहेत. ‘खुर्द’ म्हणजे लहान, धाकटे. आपल्याकडे सुट्या नाण्यांना खुर्दा म्हणतात, तो याच घराण्यातला. त्यामुळे मराठीत या जोडीला नेमका पर्याय सांगायचा तर मी ‘मोठे-लहान’ न म्हणता ‘थोरले-धाकटे’ म्हणेन. धाकटा भाऊ अंगापिंडाने थोरल्याहून मोठा झाला तरी तो धाकटाच राहतो. गावांचेही तसेच. हिंगणे खुर्दमध्ये आज किती इमारती आहेत, याचा त्या ‘खुर्द’शी संबंध नाही. कागदावर नाव चढले तेव्हाचे नाते त्यात टिकून आहे.

हे नाते कसे तयार होत असे? गाव वाढे, काही घरे ओढ्यापलीकडे किंवा नदीपलीकडे जाऊन वसत, नाहीतर पाटीलकीच्या वतनाची भावाभावांत वाटणी होई. वाटणीतल्या हिश्श्याला तक्षीम म्हणत : थोरली तक्षीम, धाकटी तक्षीम. जुन्या वतनाच्या तंट्यांत ‘वडीलपण कोणाचे’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, कारण होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पुढे बैल कोणाचा, पानसुपारीचा पहिला मान कोणाचा, हे सगळे त्यावर ठरे. जमिनीच्या तुकड्याइतकीच माणसे या मानासाठी भांडत. अशा समाजात दोन गावांपैकी एकाला ‘बुजुर्ग’ म्हणणे म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सांगणे नव्हते. दप्तराची भाषा फारसी होती म्हणून शब्द फारसी आला. कल्पना गावातलीच होती.

मोडी कागदांत हे ‘बु॥’ आणि ‘खु॥’ असे तोडून लिहिलेले दिसते. आजच्या पाट्यांवरचे ‘बु.’ आणि ‘खु.’ तिथूनच आले.

मराठी मुलखाबाहेर हीच गरज वेगळ्या शब्दांनी भागवली गेली. उत्तरेत काही गावांपुढे ‘बुजुर्ग’ तसेच राहिले, पंजाब-हरियाणाकडे ‘कलां’ आणि ‘खुर्द’ अशी जोडी चालते. दमणगंगेच्या दोन तीरांवर मोटी दमण आणि नानी दमण आहेत. आपल्या किनाऱ्यावर डहाणूजवळ धाकटी डहाणू आहे. खुद्द पुण्याभोवतीही प्रत्येक जोडगाव खुर्द-बुद्रुक झाले नाही. लोणी काळभोर आणि लोणी कंद ही आडनावांवरून वेगळी झाली. उरुळी कांचन आणि उरुळी देवाची, पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर, वडगाव शेरी, या नावांत गावकीचे केवढे बारकावे साठले आहेत! त्यांच्या शेजारी कोंढवा, वडगाव, आंबेगाव, मांजरी यांची खुर्द-बुद्रुक जोडी वाचली की कारकुनाने वापरलेला एक साचा लगेच ओळखू येतो. मांजरीच्या जोडीत मुळा-मुठा आडवी आहे, हिंगण्याच्या जोडीत मुठा.

आता मौजे. अरबी ‘मौजा’ म्हणजे ठिकाण, आणि महसुली भाषेत खेडेगाव. ‘मौजमजा’मधली मौज वेगळी, ती लाट या अर्थाच्या अरबी शब्दातून आली. ज्या गावाला बाजारपेठ आणि परगण्याचे ठाणे असे त्याला ‘कसबे’ लावत, बाकीची ‘मौजे’. पुण्याच्या कसबा पेठेत तो कसबा अजून आहे. म्हणजे ‘मौजे हिंगणे’ एवढ्यानेच हे गाव आहे हे कळते, आणि खरेदीखतातले ‘गाव मौजे’ ही पुनरुक्ती आहे. लेखनिकांच्या हाताला ती इतकी बसली आहे की ‘तुकडी पुणे, पोटतुकडी तालुका हवेली’ या ओळीनंतर ती आपोआप उमटते. ‘हवेली’चा अर्थही इथे वाडा असा नाही. मुख्य ठाण्याच्या भोवतालचा, थेट त्याच्या ताब्यातला मुलूख तो हवेली. तालुक्याला नाव तेच राहिले.

तुमच्या हिंगण्याची गोष्ट यात वेगळी आणि मला फार जवळची आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुण्याच्या वस्तीपासून दूर हिंगण्याला नेला १९०० मध्ये, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीवर. सुरुवात एका झोपडीने झाली. फर्ग्युसनमधले शिकवणे आटोपून कर्वे पायी हिंगण्याला जात. १९०७ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यालय काढले, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले तेही इथेच. त्या काळात ‘हिंगण्याला गेली’ एवढे म्हटले की घरातली कोणी विधवा मुलगी शिकायला गेली हे ऐकणाऱ्याला समजे. त्या वाक्यात बुद्रुक नाही, आणि त्याची गरजही नव्हती. पुढे वस्तीला कर्व्यांचे नाव मिळाले ते योग्यच झाले. पण ज्या नावाने हजारो घरांत शिक्षणाची हिंमत पोचवली ते हिंगणे आता एखाद्या कॉलनीच्या पाटीवर किंवा खरेदीखतातच भेटावे, याची मला हळहळ वाटते.

बोलण्याबद्दल एक लहान गोष्ट. नुसते ‘हिंगणे’ चालवताना आपण हिंगण्याला, हिंगण्यात म्हणतो. पुढे बुद्रुक आले की मूळ नाव तसेच ठेवून प्रत्यय शेवटी लावतो : हिंगणे बुद्रुकला, हिंगणे बुद्रुकमध्ये. ‘हिंगण्या बुद्रुकला’ असे कोणी म्हणत नाही. दोन शब्दांचे एकच नाव झाल्याची ही खूण.

पत्त्याचे सांगायचे तर पत्रावर, पार्सलवर खुशाल कर्वेनगर लिहा. खरेदीखत, सातबारा, गहाणखत अशा कागदांवर मात्र ‘हिंगणे बुद्रुक’ पूर्ण लिहा, आणि ‘बु.’ तोडून लिहिले असेल तर ते ठळक वाचता येते ना हे पाहा. महसुली दप्तरात खुर्द आणि बुद्रुक ही दोन स्वतंत्र गावे आहेत. प्रत्येकाचे सर्व्हे नंबर एकपासून सुरू होतात. नुसते ‘हिंगणे, सर्व्हे नंबर अमुक’ असे लिहिले तर ती जमीन मुठेच्या कोणत्या तीरावरची हे ठरत नाही.