आईची केमो सुरू आहे, मळमळीमुळे काहीच खात नाही. काय करावं?

सगळ्यात आधी, उलटीची गोळी मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच द्या. केमोनंतर 24 तास बरे गेले म्हणून गोळ्या थांबवू नका. सिस्प्लाटिनसारख्या केमोच्या औषधात खरा त्रास दुसऱ्या ते पाचव्या दिवशी होतो. माझ्या आईच्या वेळी आम्ही हीच चूक केली होती, आणि तिचे ते दोन दिवस आठवले की अजून वाईट वाटतं. ऑन्डान्सेट्रॉन या नेहमीच्या उलटीच्या गोळीने भागत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ऑलान्झापिन, अ‍ॅप्रेपिटंट अशी इतर औषधं आहेत, सोसत बसू नये. ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठही होतं आणि त्यानेही मळमळ वाढते.

खाण्याचं म्हणाल तर फोडणीचा वास हा मोठा शत्रू. स्वयंपाक होईपर्यंत आईला दुसऱ्या खोलीत बसवा. गरम जेवणापेक्षा गार झालेला दहीभात, लाह्या, पेज दर दोन तासांनी चार घास द्या. पाणी घोटघोट. तिचे आवडते पदार्थ त्या दिवसांत नकोत, नाहीतर पुढे त्यांचीच शिसारी बसते.

दिवसभर पाणीही टिकत नसेल किंवा ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर रात्र असली तरी लगेच दवाखान्यात फोन करा.