फ्लश टँकचा सांडवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्लॅबवरची आमची हजार लिटरची टाकी पूर्वी पाच दिवस पुरायची, आता तिसऱ्याच दिवशी तळ दिसतो. भिंतीला ओल नाही, एकही नळ गळत नाही. रात्री संडासात बारीक सळसळ तेवढी ऐकू येते. पण फ्लश टँक भरून वाहत असता तर पाणी फरशीवर आलं असतं ना? (एक वाचक, लातूर)

उत्तर : फरशीवर येणार नाही, कारण पाणी तिथे येऊ नये म्हणूनच टँकमध्ये ओव्हरफ्लो नळी बसवलेली असते. टँकचं झाकण उचलून पाहा. मधोमध किंवा थोडी बाजूला एक उभी पोकळ नळी दिसेल. ती टँकचा सांडवा आहे. पाझर तलावाचा सांडवा जसा भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली ठेवतात, तसंच या नळीचं तोंड टँकच्या काठापेक्षा आणि फ्लशच्या दांडीच्या भोकापेक्षा खाली असतं. बॉल कॉक (टँक भरला की फुगा वर उचलला जाऊन बंद होणारा नळ) बंद झाला नाही, तर जास्तीचं पाणी या तोंडातून आत शिरतं आणि थेट कमोडात उतरतं.

जुन्या बिडाच्या, साखळी ओढायच्या टँकना ओव्हरफ्लोचा पाइप बऱ्याचदा भिंतीतून बाहेर काढलेला असे. बाहेर धार लागली की बॉल कॉक बिघडल्याचं अख्ख्या गल्लीला कळायचं. आता तेच पाणी घरातल्या घरात कमोडात जातं. त्यामुळे फरशी कोरडी राहते आणि बिघाडही झाकला जातो.

गळती मिनिटाला 100 मिली, म्हणजे अर्धा पेलाच धरा. तासाला 6 लिटर आणि दिवसाला 144 लिटर होतात. पाच दिवस पुरणारी टाकी म्हणजे तुमचा रोजचा वापर 200 लिटर. त्यात हे 144 मिळवले की हजार लिटर तीन दिवसांतच संपतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात ही गळती एक दिवसही चालू ठेवू नये.

आता दोष कुठे आहे ते ठरवा. झाकण उघडं ठेवून पाणी कुठवर आहे ते पाहा. पाणी नळीच्या तोंडाशी टेकून आत घसरत असेल, तर बॉल कॉक पुरता बंद होत नाही. पाणी तोंडाच्या खाली असूनही मधूनमधून टँक आपोआप भरून घेत असेल, तर तळाचं रबरी सील गळतंय. कधी कधी दोन्ही दोष एकत्र असतात. म्हणून टँकखालचा अँगल कॉक, म्हणजे टँकला पाणी सोडणारा छोटा नळ, बंद करा, पातळीवर पेन्सिलनं रेघ मारा आणि अर्धा तास थांबा. पाणी नळीच्या तोंडापाशी येऊन थांबलं तर सील ठीक आहे, बॉल कॉककडे वळा. त्याहून खाली गेलं तर सील बदला. पण ते मध्येच एखाद्या ठिकाणी थबकलं, तर नळीला त्याच उंचीवर चीर आहे. ही चीर सहसा कुणी शोधत नाही आणि सील मात्र दोनदा-तीनदा बदललं जातं.

बॉल कॉकचा दोष निघाला तर आधी फुगा काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर फुगा फुटका आहे. तो अर्धा बुडूनच राहतो, वर उचलला जात नाही, नवा घ्या. फुगा चांगला असेल तर फुग्याच्या दांडीवरच्या स्क्रूनं तो खाली उतरवा (पितळी दांडी असेल तर ती हलकेच खाली वाकवा). टँक भरून बॉल कॉक बंद झाल्यावर पाणी नळीच्या तोंडापासून आडव्या बोटाएवढं, म्हणजे 20 ते 25 मिमी, खाली थांबायला हवं. एकदा नळीची उंचीही तपासा. दुरुस्तीत लांब नळी बसवली गेली असेल आणि तिचं तोंड फ्लशच्या दांडीच्या भोकाच्या वर असेल, तर ती नळी असून नसल्यासारखी आहे. हॅक्सॉ ब्लेडनं बेतशीर कापा आणि कडा घासून घ्या.

प्रश्न : वर्षभरात बॉल कॉकचा वायसर दोनदा बदलला. महिना-दोन महिने बरं चालतं, मग पुन्हा धार. पाणी बोअरचं आहे. (एक वाचक, परभणी)

उत्तर : वायसर ज्यावर टेकतो त्या बैठकीत दोष आहे. आपल्याकडे काळ्या बेसॉल्ट खडकातून येणारं बोअरचं पाणी जड असतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बैठकीवर पांढरे खरबरीत साचतात. त्या खरखरीत कडेवर नवा मऊ वायसर टेकला की त्यावर लवकरच गोल घळ पडते. काढलेला वायसर उजेडात धरा, ती घळ दिसेल. एका बाजूला ती खोल असेल तर बैठकही त्या बाजूला खडबडीत आहे.

अँगल कॉक बंद करून बॉल कॉक सोडवा. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत, विरघळवा. रबर काढून बाकीचे भाग त्यात दोन तास भिजू द्या आणि जुन्या टूथब्रशनं घासा. सुरीनं किंवा पान्याच्या टोकानं खरवडू नका. बैठकीला एक चरा पडला की तो बॉल कॉक कायमचा गेला. संडास धुवायचं ॲसिड तर टँकमध्ये घालूच नका, त्यानं रबर कडक होतं आणि पितळ खाल्लं जातं.

आणखी एक पाहा. बॉल कॉकच्या तोंडाशी छोटी जाळी असते. टँकरच्या पाण्यातल्या गाळानं ती तुंबते, टँक सावकाश भरतो आणि वैतागून ती काढून टाकली जाते. मग रेतीचा एखादा कणही वायसरखाली अडकायला पुरतो. जाळी धुऊन परत बसवा, आणि टँकर उतरवल्यावर महिनाभरात एकदा तरी ती उघडून पाहा.

प्रश्न : प्रेशर पंप बसवल्यापासून टँकच्या दांडीच्या भोकातून पाणी बाहेर येतं. ओव्हरफ्लो नळी उघडी आहे, तुंबलेली नाही. प्लंबरनं अँगल कॉक अर्धा बंद करून दिलाय. एवढ्यानं भागेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : अर्धंच काम झालंय. स्लॅबवरच्या टाकीतून दर मीटर उंचीला साधारण 0.1 किलो दाब मिळतो. टाकी चार मीटर वर असेल तर 0.4 किलो. पंप दीड-दोन किलो देतो, म्हणजे चार-पाच पट. मोठ्या भोकाचा, कमी दाबाचा बॉल कॉक एवढं पाणी रेटून धरू शकत नाही.

अँगल कॉक आवळल्यानं धार बारीक होते, पण दाब कमी होत नाही. बॉल कॉक बंद व्हायला आला आणि वाहणं थांबलं की पाइपात पूर्ण दाब परत उभा राहतो. म्हणून जास्त दाबाचा, बारीक भोकाचा बॉल कॉक बसवा.

अँगल कॉक मात्र थोडा आवळलेलाच असू द्या, कारण त्यानं सांडवा वाचतो. पंप चालू ठेवून फुगा हातानं दोन मिनिटं पाण्यात दाबून धरा. पाणी नळीच्या तोंडावर थोडं चढेल आणि दांडीच्या भोकाखालीच स्थिर राहील, तर नळीला आवक झेपते. भोकापर्यंत चढलं तर अँगल कॉक आणखी आवळा, पुन्हा तपासा. ही चाचणी पंप चालू असतानाच करायची.

प्रश्न : भरताना आवाज येऊ नये म्हणून बॉल कॉकला लावलेली नळी टँकच्या तळापर्यंत जाते. जोडणी थेट नगरपालिकेच्या नळाला आहे. हरकत नाही ना? (एक वाचक, बीड)

उत्तर : हरकत आहे आणि ती गंभीर आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होताना ओढ लागते, आणि शेजारी कुणी नळाला मोटर लावली तर ती ओढ आणखी वाढते. नळीचं टोक पाण्यात बुडालेलं असेल, तर फ्लश टँकमधलं पाणी सायफननं उलटं लाइनीत जाऊ शकतं. ज्या लाइनीतून पिण्याचं पाणी येतं तीच ही लाइन.

बॉल कॉकमधून पाणी पडण्याची जागा ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा वर हवी, म्हणजे टँक तुडुंब भरला तरी मध्ये हवेचं अंतर राहतं. तुमची नळी काढून टाका किंवा तोंडाच्या वर राहील इतकी कापा. भरताना आवाज वाढेल, तो चालू द्या. शक्य असेल तर टँक स्लॅबवरच्या टाकीवरून जोडून घ्या.

प्रश्न : पाणी वाचवायला टँकमध्ये वीट ठेवली तर? (एक वाचक, जालना)

उत्तर : वीट नको. ती झिजते आणि तिची भुकटी सीलखाली जाऊन गळती लागते. बाटलीही फुग्याला अडते. त्यापेक्षा फुगा थोडा खाली उतरवा, पण भांडं एका फ्लशमध्ये साफ होतंय ना ते पाहा. दोनदा फ्लश करावं लागलं तर पाणी वाचलंच नाही.

प्रश्न : आमचा टँक भिंतीत लपवलेला आहे. झाकणच नाही, मग तपासायचं कसं? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर : ओव्हरफ्लो याचाही कमोडातच उतरतो. फ्लश करून अर्धा तास थांबा, भांड्याची मागची आतली बाजू कापडानं कोरडी करा आणि तिथे पेपरची पट्टी चिकटवा. दहा मिनिटांत पट्टी भिजली तर पाणी सुटतंय. पुढचं काम बटणाच्या पट्टीमागून होतं. पट्टी वर सरकवून किंवा खाचेतून अलगद सोडवून काढतात, आत छोटा कॉक असतो. आधी तो बंद करा, मगच आतल्या कशाला हात लावा.